‘सगळं आलं’ म्हणणारे मास्तर

“आक्का, त्यात कुणाचाच आवाज न्हाई. दोन वर्षं झाली,” मास्तर म्हणाले आणि नेहमीप्रमाणे स्वतःची खुर्ची उचलून माझ्यापुढे ठेवली.

मी बसले नाही. म्हातारं माणूस दुकानाच्या पायरीवर दिसलं की मास्तर आधी खुर्ची सोडायचे आणि मग काय काम आहे ते विचारायचे. त्यांची ही सवय साऱ्या घोडेगावला ठाऊक होती. त्या दिवशी मात्र मला त्या खुर्चीचा राग आला. दुसऱ्या दिवशी आमच्या गावच्या गोमाबाबाचा दहावा होता. मास्तरांच्या संगणकात भरून ठेवलेला त्याचा आवाज घाटावर सगळ्यांना ऐकवते, असा शब्द मी त्याच्या सुनेला देऊन बसले होते. लेकाचा मोबाइल माझ्या पिशवीत होता. आवाज त्यात भरून घ्यायचा आणि दुपारच्या गाडीनं डिंभ्याला परत जायचं, एवढंच काम होतं.

“न्हाई म्हंजे? नव्या हार्डडिस्कमधी टाकलं व्हतं ना? सगळं आलं, म्हनला व्हता तुमी.”

“म्हनलो व्हतो.”

“मग?”

“कायबी आलं न्हवतं.”

त्यांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. खोटं बोलताना या माणसानं दोन वर्षांत एकदाही हातातलं काम थांबवलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

मास्तर मूळचे आणे गावचे, कोरड्या पठारावरचे. घोडेगावला एसटी स्टँडजवळ त्यांचं एका दाराचं दुकान होतं. पहिल्यांदा तिथं त्यांनी संगणकाचा क्लास काढला, म्हणून मास्तर हे नाव पडलं. पुढे पोरांना मोबाइल मिळाले आणि क्लास ओस पडला. मग झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज आणि संगणक दुरुस्ती, असं चालू राहिलं. बिघडलेलं मशीन उघडलं की ते आधी त्यात फुंकर मारायचे आणि मग त्याच्याशी बैलाशी बोलावं तसं बोलायचे. “चल राजा, उठ. लई झोपला.” मशीन चालू झालं की त्याच्या पाठीवर थाप मारायचे. सुटलेले स्क्रू पेढ्याच्या रिकाम्या खोक्यात पडायचे आणि प्रत्येक मशीन परत जाताना एखादा स्क्रू त्या खोक्यातच राहायचा. कुणी विचारलं तर म्हणायचे, “कंपनी दोन जास्तीच देती.”

नातवाला धरणग्रस्ताचा दाखला हवा होता, म्हणून मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले. अर्जात मूळ गाव लिहायचं होतं. मी नाव सांगितलं. ते म्हणाले, “ह्ये गाव कुठं आलं?”

“पान्यात.”

त्यांनी बटणांवरचा हात काढून घेतला. “आमच्या आण्याला हंड्यासाठी रांग लागती, आन तुमचं आख्खं गाव पान्यात. देवाला वाटप जमलं न्हाई बघा.”

“देवाला कशाला मधी घेता? धरन मानसांनी बांधलं.”

ते हसले. मग विचारलं, “तुमच्या घराशेजारी कुणाचं घर व्हतं?” मी सांगितलं. “त्याच्या पलीकडं?” तेही सांगितलं. मागे झेरॉक्सला चार माणसं उभी होती. ती वैतागून निघून गेली तरी आमची वरची आळी संपली नव्हती. खालची आळी मला नीट येत नव्हती. लग्न होऊन मी वरच्या आळीला आले. खालच्या आळीत मी फक्त पाण्याला आणि मयताला जायची.

“खालच्या आळीचं कोन हाय आता?” मास्तरांनी विचारलं.

त्या हिवाळ्यात मी एकेक म्हातारं माणूस गाडीत घालून घोडेगावला आणलं. डिंभ्याची गाडी कधी यायची, कधी नाही. आली नाही की आम्ही फाट्यावर बसून परत घरी. गोमाबाबाला गावातल्या प्रत्येक भातखाचराचं नाव पाठ होतं. कोणत्या बांधावर कुणाची भांडणं झाली तेही. चिमाबाईला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. तिनं खुर्चीत बसून आख्ख्या गावातून चालत जावं तसं सांगितलं. “आता डावीकडं वळायचं. हितं दगूबाईचं जोतं, उंच हाय, पाय उचला.” मास्तर खाली जमिनीवर बसून माइक धरायचे. चिमाबाईनं ‘पाय उचला’ म्हटल्यावर त्यांनी बसल्या जागी खरोखर पाय उचलला. मी हसले, तर तोंडावर बोट ठेवून मलाच दटावलं, “आक्का, तुमचं हसू भरलं ना त्यात.”

मग ‘असू द्या ते’ असं त्यांनीच म्हटलं. पुढे प्रत्येक वेळी तिथं माझं हसू यायचं.

हे सगळं कशासाठी, असं आमच्यातल्या पोरांनी विचारलं. वैशाखात धरणाचं पाणी उतरतं आणि आमच्या गावातली जोती उघडी पडतात. भिंती केव्हाच गेल्या, पायाचे दगड तेवढे राहिलेत. सुट्टीला आलेली पोरं तिथं जाऊन फोटो काढतात आणि विचारतात, हे कुणाचं, ते कुणाचं. मास्तरांनी एकदा मोबाइलवर चिमाबाईचा आवाज लावला आणि आम्ही तिच्या बोलण्यामागं खालच्या आळीतून चाललो. बाई म्हणेल तिथं दगड सापडत गेले. एक जोतं उंच लागलं, पाय उचलावा लागला. माझ्या बरोबरच्या माणसांनी आपापलं घर ओळखून त्यावर हात ठेवला. तेव्हापासून मास्तर आमच्यातले झाले. दिवाळीला त्यांच्यासाठी हातसडीचा तांदूळ जायचा.

मास्तरांचं एक बोलणं होतं, “एका जागी ठेवलेलं म्हंजे ठेवलेलंच न्हाई.” लग्नाचे फोटो गेले म्हणून कुणी रडत आलं की ते आधी हे ऐकवायचे आणि मग मशीन हातात घ्यायचे. एका नवरीच्या बापाला इतकं झापलं की तो बिचारा म्हणाला, “मास्तर, पोरगी नांदायला गेली तवा बी मी एवढं ऐकून घेतलं न्हवतं.” या बोलण्यावर माझा भरवसा होता. मी कधी विचारलं नाही की आमचं किती जागी ठेवलंय. डॉक्टरला तुम्ही हात धुतला का असं कोण विचारतं?

मग त्यांच्या दुकानातला संगणक कट्कट् वाजायला लागला. मी गेले तेव्हा ते त्याला कान लावून बसले होते.

“ह्याची हार्डडिस्क चालली, आक्का. सगळं दुसऱ्या डिस्कवर हलवायचं.”

“आवाज बी?”

“आवाज, कागद, सगळं. आन त्याच्या आधी सिस्टीम. सिस्टीम म्हंजे कसं बघा, गावठाण. रस्ता, पानी, लाइट. ती गेल्याबिगर मानसं नेऊन काय उपेग?”

“आमाला बी असंच सांगितलं व्हतं. आधी रस्ता, पानी, लाइट, मग तुमी. आमी आधी गेलो. लाइट सात वर्षांनी आली.”

“तसं न्हाई व्हनार. ह्या डबीत व्हय-न्हाई करायला सायेबच न्हाई.”

त्यांच्याकडे एक काळी डबी होती, तिला वरून दोन खाचा. एका खाचेत भरलेली हार्डडिस्क उभी करायची, दुसऱ्या खाचेत कोरी. बटण दाबलं की पहिलीतलं जसंच्या तसं दुसरीत उतरतं आणि दुसरीत आधी काही असलं तर ते पुसलं जातं. डबीला पडदा नाही, नुसते दिवे. दोन्ही हार्डडिस्क दिसायला सारख्याच, एकाच कंपनीच्या. म्हणून मास्तरांनी आपली एक खूण काढली होती. फळीवर देवाच्या फोटोपुढे कुंकवाचा करंडा असायचा. काम सुरू करायच्या आधी ते भरलेल्या हार्डडिस्कला कुंकवाचं बोट लावायचे. देवाचं नावही व्हायचं आणि खूणही व्हायची.

ही खूण त्यांनी मला फार आधी सांगितली होती. “कुंकू असंल ती भरलेली, नसंल ती रिकामी. चुकायचं कामच न्हाई.”

मी म्हटलं, “मास्तर, माझं कपाळ बघा. मी रिकामी का?”

ते जीभ चावून उभे राहिले. मालक जाऊन मला तेव्हा वीस वर्षं झाली होती. मला त्याचं वाईट बीईट वाटलं नव्हतं, मी टोमणा मारला होता. पण मास्तरांच्या ते मनाला लागलं. माणूस तसा होता.

हलवायच्या दिवशी मी मुद्दाम गेले. त्यांनी संगणक उघडला, जुनी हार्डडिस्क काढली, कोरी तिच्या शेजारी ठेवली आणि फळीवरचा करंडा खाली घेऊन माझ्या हातात दिला.

“तुमी लावा आज. तुमच्या गावाचं काम हाय.”

वीस वर्षांत कुणी माझ्या हातात करंडा दिला नव्हता. हळदीकुंकवाला बायका मला बोलवत नाहीत आणि लग्नात मी मागे उभी राहते. मी चिडचिड करत नाही, रीत आहे. पण त्या दिवशी करंडा घेतला. तेवढ्यात दारात कुणी आधार कार्डाची झेरॉक्स मागितली आणि मास्तर तिकडे वळले. मी कुंकू लावलं.

कोऱ्या हार्डडिस्कला लावलं.

आमच्या घरात नवा विळा आला, नवी घागर आली, गोठ्यात नवी गाय आली, की आधी तिला कुंकू लागतं. नव्या वस्तूला लावायचं, जुनीला नव्हे. मास्तरांची खूण मला ठाऊक होती. तरी हात जन्मभराच्या वळणानं गेला. मास्तर परत आले, कुंकू पाहिलं, कुंकवाची पहिल्या खाचेत उभी केली आणि बिनकुंकवाची दुसऱ्या. बटण दाबलं. दिवे लुकलुकायला लागले. “दोन-तीन तास लागतील, तुमची गाडी जाईल,” म्हणाले. मी निघाले.

पुढच्या आठवड्यात गेले तर संगणकाचा पडदा लखलखीत, कटकट बंद. मी विचारलं, “आलं का?”

“सगळं आलं,” मास्तर म्हणाले.

असं म्हणाले, खुर्ची दिली, चहा मागवला.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा आवाज लावा म्हटलं, तेव्हा काहीतरी निघायचं. स्पीकर दुरुस्तीला दिलाय. लाइट आत्ताच गेली. पुढच्या बुधवारी या. वैशाखात पोरांना घेऊन जायचं होतं, तेव्हा मास्तरच आजारी. मला शंका आली नाही असं मी म्हणणार नाही. एकदा लाइट गेली म्हणाले तेव्हा शेजारच्या रसवंतीचा पंखा फिरत होता. मी तो पाहिला आणि गप्प बसले. आपल्या माणसाचं खोटं आपण किती वेळा असं झाकून घेतो ते माझं मलाच माहीत. घरी जाऊन मात्र मी सगळ्यांना सांगायची की मास्तरांकडे आहे, काळजी नको. चिमाबाई त्याच पावसाळ्यात गेली. तिच्या लेकीला मी म्हटलं, रडू नको, आईचा आवाज ठेवलाय.

आता गोमाबाबाच्या दहाव्याच्या आदल्या दिवशी मास्तर माझ्यासमोर उभे होते.

“खाच चुकली,” ते म्हणाले. “कोऱ्याचं भरल्यावर उतरलं. भरलेली पुसली. पुण्याला दोनदा नेली. ते म्हनले, पाटी नुसती पुसली न्हाई, धुतली. कायबी निघायचं न्हाई.”

“दुसऱ्या जागी ठेवलं व्हतं ना?”

“न्हाई. चिमाबाईचा मोबाइलात व्हता, जागा भरली तवा त्यो बी पुसला.”

“जगाला सांगत फिरता. आमचं का न्हाई ठेवलं?”

“लोकांचं काम आधी करत गेलो. तुमचं घरचं, उद्या करू म्हनलं.”

“आन खाच कशी चुकली? इतकी वर्षं न्हाई चुकली ती?”

ते पेढ्याच्या खोक्यातले स्क्रू बोटानं इकडचे तिकडे करत राहिले. मी करंड्याकडे पाहिलं. मग सगळं माझ्या ध्यानात आलं, कुंकू, झेरॉक्सवाला, माझं बोट. दोन वर्षं या माणसाला ते ठाऊक होतं.

“मला वाचवाया गप बसला, असं म्हनू नका,” मी म्हटलं.

“न्हाई म्हनत. मी भ्यालो व्हतो.”

“कशाला?”

“तुमी येनं बंद कराल म्हनून.”

मी तेव्हा जे बोलले ते लिहिते, कारण ते मी मागे घेतलेलं नाही. मी म्हटलं, “मास्तर, बोट माझं व्हतं. त्याचं मी बघीन. पर तवाच सांगितलं असतं तर गोमाबाबा जिता व्हता. चिमाबाई जिती व्हती. खालच्या आळीचे आजून दोघं व्हते. मी त्यांना परत गाडीत घालून आनलं असतं. परत बसवलं असतं ह्या खुर्चीत. दोन वर्षं तुमी मला बुधवार-बुधवार करत ऱ्हायला, आन ती एकेक करून गेली. आवाज मशीनीनं न्हाई घालवला. तुमी घालवला.”

मास्तर म्हणाले, “व्हय.”

एवढंच. ते भांडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी घाटावर मी गोमाबाबाच्या सुनेला बाजूला घेऊन खरं सांगितलं. ती म्हणाली, “मावशी, आमी पाव्हन्यांना सांगून बसलो ना.” मग पदर तोंडाला लावून पिंडाकडे निघून गेली. कावळा लगेच शिवला. गोमाबाबाची कसलीच इच्छा राहिली नव्हती. राहिली होती ती आमची.

चिमाबाईच्या लेकीला सांगायला मला महिना लागला. तिनं ऐकलं आणि विचारलं, “तुमी कवा ऐकला व्हता शेवटचा?” मला आठवेना.

पुढच्या वैशाखात मास्तर स्वतः डिंभ्याला आले. गाडी चुकली म्हणून फाट्यापासून चालत. पाठीवर पिशवी, त्यात माइक. तेवढ्या महिन्यांत माणूस वाळला होता. मी पाणी दिलं. पठारावरच्या माणसासारखं त्यांनी ते शेवटच्या घोटापर्यंत प्यायलं, थेंब टाकला नाही.

“आक्का, वरची आळी तरी भरून घेऊ. तुमी सांगा, मी दोन जागी ठेवतो. तीन जागी ठेवतो. एक तुमच्या हातात देतो.”

“मला झेपंना आता बोलनं.”

“बसून सांगा.”

“मास्तर, मला बोलाया येतंय. तुमच्यापाशी बोलाया झेपंना.”

सुनेनं चहा आणला. चहा पिऊन झाल्यावर कपात पाणी घालून तेही प्याले, ही त्यांची जुनी सवय. मग मी त्यांना खाली पाण्याकडे घेऊन गेले. जोती उघडी होती. पिशवी घरीच ठेवायला लावली. माझं घर दाखवलं. चूल कुठं होती, उखळ कुठं होतं, माझी पहिली लेक कुठल्या कोपऱ्यात झाली ते सांगितलं. ते माझ्या मागे मागे चालत होते आणि प्रत्येक जोत्याशी थांबत होते. खालच्या आळीशी आलो तेव्हा त्यांनी विचारलं, “ह्ये कुणाचं?”

मला सांगता आलं नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली आणि आम्ही परत फिरलो. एका जोत्यावर चढताना त्यांनी माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला नाही, एवढं मी त्यांच्यासाठी केलं.

त्यानंतर त्यांनी दुकान बंद केलं आणि आण्याला भावाकडे जाऊन राहिले, असं स्टँडवरच्या लोकांनी सांगितलं. का बंद केलं ते कुणाला ठाऊक नाही. कुणी म्हणतं धंदा राहिला नाही, कुणी म्हणतं डोळे गेले. जाण्याआधी ज्याचं ज्याचं काही त्यांच्याकडे होतं ते त्यांनी घरोघरी जाऊन परत दिलं, प्रत्येकाला दोन दोन प्रती करून.

त्यांच्यासारखा माणूस मला पुन्हा भेटला नाही, हे मी मान्य करते. सरकारी साहेब आले, कागद घेऊन गेले. शिकलेली पोरं आली, फोटो घेऊन गेली. आमच्या म्हाताऱ्यांपुढे जमिनीवर बसून कुणी माइक धरला नाही, चिमाबाईच्या शब्दावर कुणी पाय उचलला नाही. म्हणून तर त्यांचं मला जास्त लागलं. परक्यानं फसवलं तर माणूस शिव्या देऊन मोकळं होतं.

यंदा माघात त्यांच्या भावाचा लेकाच्या मोबाइलवर फोन आला. मास्तर गेले. तिसऱ्या दिवशी राख सावडायची आहे, असं भाऊ म्हणाला. आक्कांना कळवा, असं मास्तर सांगून गेले होते म्हणे. लेक म्हणाला, “आई, जायचं का? मी नेतो.” मी म्हटलं, गाडी नाही मिळायची, आणं लांब आहे. मी गेले नाही.

गाडी होती. सकाळी फाट्यावर येऊन उभी राहिली होती, ती मी ओट्यावरून पाहिली.

आमच्या गावाचं सांगायला त्या दुकानात मला धरून अकरा जण बसले होते आणि ऐकायला एक. त्या बारा जणांतली आज मी एकटी आहे.